दुधाच्या पिशव्यांची काजळी

सुजाता मॅडम चहाच्या टपरीवरही दुधाची रिकामी पिशवी सोडत नसत. कोपरा कापायचा, काडी लावायची, विझवून नाकाशी धरायचा. मेणबत्तीसारखा वास आला की पिशवी पर्समध्ये. नाकाला झोंबला की ती वस्तू लांब. "आधी वास घ्या सर, मग बोला," असं त्या मलाही सांगत.

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात आम्ही दोघं रसायनशास्त्र शिकवायचो. मी कायम, त्या तासिका तत्त्वावर. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. हुपरीच्या चांदी कारागिराकडून त्यांनी एक भट्टी बनवून घेतली होती. हवा काढून नायट्रोजन सोडलेल्या नळीत त्या पिशव्यांचे तुकडे तापवत आणि त्यांची वाफ उत्प्रेरक म्हणून ठेवलेल्या निकेलच्या भुकटीवरून नेत. भुकटीवर काजळी धरायची. त्या काजळीत केसापेक्षा कितीतरी बारीक, पोकळ अशा कार्बनच्या नळ्या असत. "पिशवीत कार्बन हायच की सर. त्याला नीट रांगेत उभं करायचं, एवढंच." मात्र झोंबऱ्या वासाचा एखादा तुकडा चुकून आत गेला, तर त्याच्या धुरानं निकेल निकामी होई. मग मॅडम म्हणत, "मेला उत्प्रेरक."

कागलजवळच्या बौद्ध कुटुंबातल्या त्या. धर्मांतरानंतर आजोबांनी मेलेली गुरं ओढण्यासारखी गावकीची कामं टाकली, वडील प्राथमिक शिक्षक झाले. या वडिलांना, आबांना, पिशव्या गोळा करणं मुळीच पटत नव्हतं. त्यांच्या घरी मी जेवायला बसलो असताना ते लेकीला म्हणाले, "माझ्या बानं गावकी सोडली ती कशासाठी? आणि तू पिशव्या वेचतीस व्हय?" मॅडम मला वाढता वाढता म्हणाल्या, "एकदा येऊन बघा आबा. मग बोला."

संस्थेचे पदाधिकारी मॅडमचा प्रयोग पाहून त्यासाठी स्वतंत्र खोली द्यायची की नाही ते ठरवणार होते. त्या दिवशी आबा आले. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मागच्या स्टुलावर बसले. नळीत काळं धरू लागलं तसे उठून पुढे आले, वाकून पाहू लागले. लेकीला त्यांनी हळूच काहीतरी विचारलं. ती खुलून सांगू लागली. तेवढ्यात नाकाला रुमाल लावलेले एक पदाधिकारी म्हणाले, "कचऱ्यातलं ह्यांना कळणारच की. पिढीजात हाय."

सगळे हसले. माझं विभागप्रमुखपद त्या गृहस्थांच्या सहीवर अडलं होतं. मीही हसलो.

आबा सरळ झाले. त्यांनी त्या गृहस्थांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "चल बाळ." मॅडमनी भट्टी बंद केली आणि त्यांच्यामागे निघाल्या.

खोली मंजूर झाली. मॅडम परत आल्या नाहीत. त्या कागलच्या एका हायस्कुलात शिकवू लागल्या. मी एकदा घरी गेलो. आबा आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. मॅडमनी चहा दिला. जे बोलायला गेलो होतो ते सोडून मी खोलीबद्दलच बोलत राहिलो. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "सर, उत्प्रेरक मेल्यावर नुसती भट्टी तापवून काय होतंय?"

त्या खोलीत पुढे विभागप्रमुख म्हणून मी बसू लागलो.

काही वर्षांनी आमच्याच सभागृहात एका पाहुण्या शास्त्रज्ञानं प्लास्टिकपासून बनवलेल्या तशाच नळ्यांची चित्रं पडद्यावर दाखवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या दिवशी हसलो होतो तशाच, सगळ्यांबरोबर.