उजव्या कानामागचा खुळखुळा

आठ दिवस खुळखुळेबुवांचा पाय घरात ठरत नव्हता. खिडकी उघडायचे, लावायचे, वर्तमानपत्राची घडी मोडायचे आणि तीच घडी पुन्हा घालायचे. बायको म्हणाली, "अहो, एका जागी बसा की! फरशी तापलीय का?" बुवा बसले, आणि तिची पाठ वळताच पुन्हा उठले.

बुवा ही पदवी गल्लीनं दिलेली, त्यात मान कमी आणि चेष्टा जास्त. एकतीस वर्षं हा माणूस रेकॉर्डिंगच्या हॉलमध्ये दाराजवळच्या कोपऱ्यात उभा राहून खुळखुळे वाजवत होता. लाकडी, पत्र्याचे, चामड्याचे, असे चौदा खुळखुळे एका कापडी पिशवीत. घरी रेकॉर्ड लावली की मेहुणे विचारायचे, "यात तुम्ही कुठे?" बुवा बोट वर करून डोळे मिटायचे. "आता ऐका... हा!" मेहुण्यांना पियानो ऐकू यायचा, व्हायोलिनं ऐकू यायची, गाणाऱ्या बाई तर यायच्याच. बुवा तेवढे कधी ऐकू आले नाहीत. "कान आहेत की नुसती शोभा?" म्हणून ते चिडायचे आणि बायको तोंडाला पदर लावून हसायची.

आता ते ऐकू येणार होते, आणि इथेच सगळं घोडं पेंड खात होतं.

झालं होतं असं की स्टुडिओतून एका मुलीचा फोन आला. तिथली रेकॉर्डिस्ट, आवाज चांगला मोकळा. "बाईंचे बाराच्या बारा अल्बम नव्यानं काढतोय, काका. आता आवाज नुसता समोरून नाही, चारी बाजूंनी आणि डोक्यावरूनही येणार. जुन्या टेपांवर प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर आहे. ते सुटं करून आम्ही जागच्या जागी बसवतोय. निरोपाच्या गाण्यात तर तुम्ही ऐकणाऱ्याच्या उजव्या कानामागे अगदी एकटे आहात. अंगावर काटा येतो हो! आणि या वेळी वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापणार आहोत. शनिवारी सकाळी या, ऐका, आणि तुमच्या नावापुढे सही करा."

बुवा मटकन खाली बसले. कारण निरोपाच्या गाण्यात ते नव्हतेच.

चाळीस वर्षांपूर्वी ते गाणं रेकॉर्ड झालं, त्या दिवशी त्यांनी दोन ठिकाणी होकार देऊन ठेवला होता. दुसरीकडे स्वतः गेले आणि या गाण्याला धाकट्या भावाला पिशवी देऊन पाठवलं. अशी बदली सगळेच करायचे. हजेरीच्या वहीत नाव मूळ माणसाचं, हात दुसऱ्याचा. धाकटा बावीस वर्षांचा, काटकुळा, हौशी. कडवं संपून बाई पुन्हा धृपदावर यायच्या, तिथे तो एक ठोका गप्प राहिला आणि त्या येण्याच्या ऐन आधी त्यानं अर्धाच झटका दिला. कोणी सांगितलं नव्हतं, त्याच्या हातालाच ते सुचलं.

पुढच्या आठवड्यात संगीतकारांनी बुवांना हॉलभर ऐकू जाईल असं सांगितलं, "त्या दिवशीसारखं वाजव रे!" बुवांनी वाजवून पाहिलं. जमलं नाही. घरी येऊन पुष्कळ घोटलं, तरी तो अर्धा झटका कधी पाऊण व्हायचा, कधी पुराच. आणि त्याच संध्याकाळी धाकट्यानं जेवताना विचारलं, "दादा, माझं ठेवलं का रे त्यांनी?"

"नाही रे. परत घेतलं सगळं. मी वाजवलं."

धाकटा "बरं" म्हणाला आणि खाली मान घालून जेवला. पुढच्या महिन्यात तो घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात लागला, तो डोळ्याला भिंग लावून चाळीस वर्षं तिथेच बसला. पिशवीला त्यानं पुन्हा हात लावला नाही. बुवा माणूस वाईट नव्हते. दुसऱ्या दिवशी खरं सांगून टाकायचं असं ठरवूनच ते झोपले होते. पण सकाळी लाज वाटली, परवा जास्त वाटली, आणि गाणं घरोघरी वाजायला लागल्यावर तर दातखीळच बसली.

त्यातून मंगळवारी बायकोनं कहर केला. "भावोजींनाही सांगितलंय हं शनिवारी यायला. भावाचा मान बघतील, बरं वाटेल त्यांना."

बुवांच्या तोंडचं पाणी पळालं. ते गच्चीवर गेले आणि तिथून रेकॉर्डिस्ट मुलीला फोन लावला. "तो खुळखुळा जरा... कमी नाही का करता येणार?"

"कमी?" ती खळखळून हसली. "काका, सगळे वादक फोन करून आपला आवाज वाढवा म्हणतात. कमी करा म्हणणारे तुम्ही पहिलेच!"

शुक्रवारी ते भावाच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत दोनदा गेले आणि दोनदा परत आले. दुसऱ्या खेपेला खिडकीत धाकटा दिसला, कोणाचं तरी घड्याळ कानाशी धरून ऐकत होता. बुवांनी रस्ता बदलला.

शनिवारी स्टुडिओच्या जिन्यावर तिघं चढत होती. सांगायचं तर आत्ताच, असं बुवांचं मन ओरडत होतं, आणि तोंडातून निघालं काय, तर "कठड्याला धर रे, पायऱ्या गुळगुळीत आहेत." धाकट्यानं मुकाट्यानं कठडा धरला.

खोली लहान होती. भिंतींना, छताला स्पीकर, आणि बरोबर मधोमध एकच खुर्ची. "इथे बसलं तरच सगळं नीट ऐकू येतं," रेकॉर्डिस्ट म्हणाली. "बसा काका."

बुवांनी खुर्चीकडे पाहिलं. तिथे बसून डोळे मिटून बोट वर करायचं, एवढंच काम होतं. चाळीस वर्षं तेच केलं होतं.

"तू बस," ते भावाला म्हणाले.

"मी कशाला?"

"बस म्हणतो ना!"

धाकटा बसला. गाणं सुरू झालं. बाई समोर उभ्या राहून गाताहेत असंच वाटत होतं, व्हायोलिनं दोन्ही बाजूंना पसरली होती. बुवा बायकोशेजारी भिंतीला टेकून उभे होते, पण त्यांचं लक्ष भावाच्या मांडीवरच्या उजव्या हातावर होतं. पहिलं कडवं संपलं. खुळखुळा एक ठोका थांबला. धाकट्याची मूठ वळली आणि मनगट किंचित हललं, आणि त्याच क्षणी त्याच्या उजव्या कानामागून तो अर्धा झटका आला.

गाणं संपलं. रेकॉर्डिस्टनं कागद पुढे केला. "घ्या काका, इथे सही."

"माझं नाव खोडा," बुवा म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुन्हा सांगावं लागलं. "खोडा माझं. ह्याचं लिहा. हे ह्यानं वाजवलंय. परत घेतलंच नव्हतं रे... मी खोटं बोललो तुझ्याशी."

बायकोनं "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. धाकट्यानं मान वळवली नाही.

"माहितीये मला, दादा. दुकानात रेडिओवर पहिल्यांदा लागलं तेव्हाच कळलं. आपला हात कळतो की."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटायचं, तू सांगशील. पहिली दोन-तीन वर्षं रोज वाटायचं." त्यानं मांडीवरची मूठ उघडली. "मग वाटायचं बंद झालं."

बुवांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते भावाच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाले, पण धाकट्यानं खांदा हळूच काढून घेतला आणि रेकॉर्डिस्टला म्हणाला, "बाळ, पुन्हा एकदा लावशील का? पहिल्यापासून." मग तितक्याच हळू आवाजात, "दादा, तू जरा बाहेर थांब."

बुवा बाहेर आले. दार जाड होतं, आतून गादीसारखं मढवलेलं. त्यांनी दाराला कान लावला, मग दुसरा लावला. काहीच ऐकू आलं नाही.