फडातलं डुक्कर आणि कौसल्येचा ऊस

माझ्या बंदुकीने आजवर जे जे पाडलं, ते सगळं आमच्याच मालकीचं होतं. पाण्याचा रांजण, गोठ्याचा पत्रा आणि दारातल्या शेवग्याची एक फांदी (शेंगांसकट). दुसऱ्याच्या मालाला मी कधी धक्का लावला नाही. आणि रानातली जनावरं ही तर दुसऱ्याचीच म्हणायची!

बंदूक वडिलांची. ठासणीची. म्हणजे नळीत आधी दारू ओतायची, मग चिंध्या, मग छर्रे, मग गजाने ठासायचं, वर ठिणगी पाडणारी केप बसवायची, आणि एवढं होईस्तोवर जनावर समोर उभं राहील अशी देवावर श्रद्धा ठेवायची. शिकारीवर तेव्हा अजून बंदी आली नव्हती, आणि घाटनांदूरच्या अलीकडच्या माळावर वडिलांचं नाव होतं. त्यांच्याकडून मला बंदूक मिळाली, मिशा मिळाल्या, शिकारीच्या गोष्टी रंगवून सांगायची हातोटी मिळाली. नेम तेवढा ते बरोबर घेऊन गेले.

माझा पहिला हंगाम हरणांचा. हरभऱ्यात पहाटे दबा धरून बसलो. काळवीट आलं. मी चाप ओढला. केप नुसतीच ‘फुस्स’ झाली. वडील सांगायचे, हरीण आवाजाला बुजतं. पण हे ‘फुस्स’ त्याने आधी कधी ऐकलेलं नसावं. ते दोन पावलं पुढे आलं, मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिलं, आणि मीही त्याच्याकडे. दोघांनाही एकमेकांची भारी उत्सुकता! शेवटी त्यालाच काम आठवलं आणि ते गेलं.

दुसरा हंगाम पक्ष्यांचा. तालुक्याच्या एका सहकारी संस्थेने जोडधंदा म्हणून टर्की कोंबड्या आणल्या होत्या, त्यातली एक पळाली होती. हे मला माहीत नव्हतं. मला डोंगरात एक अजब पाखरू दिसलं, लाल मुंडी, गळ्याला लोंबतं कातडं. हे आहे तरी काय, म्हणून मी दुपारभर काट्याकुट्यांतून त्याच्या मागे सरपटलो. मग त्याला भूक लागली आणि ते माझ्या मागे लागलं. गावात शिरताना पुढे बंदूक घेऊन मी आणि मागे ‘गुडगुड’ करत शिकार, अशी आमची मिरवणूक निघाली.

खरं सांगायचं तर मला मारण्यापेक्षा बघण्याचीच हौस जास्त. कुठलं जनावर कुठे पाणी पितं, कसं चालतं, याचा मला नाद. आणि ते सगळं मी जेवताना माझ्या बायकोला, कौसल्येला, सांगायचो. ती भाकरी थापत ‘हं’ म्हणायची.

“डुकराचा पाय वळखायचा कसा, म्हाईत हाय? फुडं दोन खुरं, आन मागं दोन बारके ठिपके! शेळीला मागचे ठिपके उमटत न्हाईत.”

“हं. कालवण वाढू?”

मला वाटायचं तिचं लक्ष नाही.

मग दुष्काळ पडला. माळ करपला, ज्वारी गेली, गावातली निम्मी जनावरं छावणीला गेली. आख्ख्या शिवारात हिरवं काय उरलं, तर कौसल्येचा ऊस. कौसल्येचा म्हणजे खरोखर तिचाच. नवीन सहकारी साखर कारखान्याचा शेअर तिच्या बापाने तिच्या नावावर घेतला होता. गावात बाईमाणूस मेंबर ती एकटीच. सोसायटीच्या ओट्यावर बसणारी माणसं हसायची, ‘बाईच्या नावावर ऊस जाईल तवा बगू!’ तिने ते ऐकलं होतं आणि पदराला गाठ मारून ठेवलं होतं. विहिरीत अंगठ्याएवढा झरा. तेवढं पाणी साठलं की ती सऱ्यांना द्यायची. लेकरासारखा जपला होता तिने तो फड.

एका सकाळी ती म्हणाली, “आवो, उसाकडं जाऊन या जरा. वल्या मातीत कायतरी पाय उमटल्यात. मला मेलीला काय कळतंय त्यातलं!”

मी धावत गेलो. पुढे दोन खुरं, मागे दोन ठिपके. अगदी मी सांगत होतो तसे! तसे तर पुस्तकातसुद्धा सापडायचे नाहीत. एकांडं रानडुक्कर! माझ्याच फडात!

मी तडक सोसायटीच्या ओट्यावर गेलो. तिथे आमचा बांधाशेजारी बाबू बसला होता.

“डुक्कर?” बाबू म्हणाला. “तू बगितलंस का बे?”

“पाय बगितले.”

“म्हंजी वरचं डुक्कर न्हाई बगितलं.”

पण तो बघायला आला. त्याच्यामागे सगळा ओटा आला. दर दोन-चार दिवसांनी नवे ठसे! एकाला रात्री घुरघुर ऐकू आली, एकाला डोळे चमकलेले दिसले, एकाने ते तरस असल्याची पैज लावली. बाबूच्या शेळ्या रोज हिरव्या वाढ्यांसाठी, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यासाठी, आमच्या बांधावर घुटमळायच्या, त्या तो आता लांबूनच वळवू लागला. मी रोज संध्याकाळी फडासमोर बसून कान टवकारायचो. ऊस हलायचा. वारा नसतानाही हलायचा! आत काय असेल, कुठे झोपत असेल, या विचाराने मला घास गोड लागेना. गावात पाहुणा आला तरी आधी विचारायचा, “त्यो फड कुठं हाय?”

आणि कारखान्याची टोळी आली. पाटोद्याकडची ऊसतोड माणसं, बायका, लेकरं, एक ट्रक आणि सायकलवर कारखान्याचा चिटबॉय. कुणाचा ऊस कधी तोडायचा ते तोच ठरवायचा, त्यामुळे त्याला सगळे वाकून बोलायचे. कौसल्येने नवं लुगडं नेसून पहिल्या उसाला हळदकुंकू वाहिलं. मुकादम तुळशीरामने कोयता उचलला आणि सहज विचारलं, “मालक, आत कायतरी हाय म्हंत्यात?”

मला ‘काही नाही’ म्हणता आलं असतं. पण सगळं गाव बघत होतं, आणि मिशा वडिलांच्या होत्या!

“हाय की! डुक्कर. लई मोठं.”

“केवढं?”

मी कमरेजवळ हात धरला. आजवर माझ्यावर कधीच विश्वास न ठेवणारा बाबू नेमका त्याच दिवशी मदतीला आला. “म्हशीच्या रेडकाएवढं. सुळे हे आसे!”

तुळशीरामने कोयता खाली ठेवला. “मग न्हाई जमायचं, मालक. आमची लेकरं फडाच्या कडंला झोळीत निजत्यात. आदी जनावर काडा, मग कोयता लावू.”

चिटबॉयने घड्याळ बघितलं. “दुपारपतोर तोड सुरू झाली न्हाई, तर टोळी फुडच्या गावाला. मग ह्या हंगामात परत न्हाई.”

परत नाही म्हणजे ऊस उभ्या उभ्या वाळून चिपाड होणार.  कौसल्येने माझ्याकडे बघितलं. तसं तिने आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

“हाका घालू!” मी गरजलो.

हाका म्हणजे तिन्ही बाजूंनी गोंगाट करून जनावर चौथीकडे हुसकायचं, आणि चौथीकडे शिकारी. मी राखणीच्या माळ्यावर बंदूक ठासून चढलो. हलगी वाजली, डबे वाजले, ओटा ओरडला. फडातून एक ससा निघाला. मग एक मुंगूस. मग आमचीच मांजर (ही इथे काय करत होती, देव जाणे!). मग ऊस जोरात हलला आणि मी डोळे मिटून चाप ओढला.

त्या दिवशी केप फुटली. धाडकन! छर्रे उसाच्या शेंड्यांतून कुठेतरी गेले. धक्क्याने मी माळ्यावरून मागच्या मागे चिटबॉयच्या सायकलवर गेलो.

धूर निवला. फड गप्प. काहीच बाहेर आलं नाही.

“बगा, काय न्हाई आत!” मी सायकलीतून पाय सोडवत म्हणालो.

“तसं न्हाई, मालक,” तुळशीराम गंभीर झाला. “आता तर छर्रा लागून चवताळलं आसंल! मगाशी नुसतं डुक्कर व्हतं, आता जखमी डुक्कर हाय.”

टोळीने झोळ्या सोडायला सुरुवात केली. चिटबॉय हँडल सरळ करत होता. मी मुकाट बंदूक पुन्हा ठासत बसलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. आणि वर बघतो तो कौसल्या पदर खोचून सरळ फडात शिरली!

“कौसल्ये! आगं भाईर ये!”

 ही काही विनोदाने सांगायची गोष्ट नाही. त्या क्षणी मला ऊस दिसेना, गाव दिसेना. ते कमरेएवढं, रेडकाएवढं डुक्कर दिसत होतं, जे मीच इतक्या दिवसांत खाऊपिऊ घालून मोठं केलं होतं. बंदूक टाकून मी तिच्यामागे आत पळालो. पात्यांनी तोंड चिरलं. मधल्या सरीत ती वाकून उसाच्या बुडातून काहीतरी ओढत होती.

“पळ आदी!” मी तिचा दंड धरला.

“हळू बोला.” तिने एक काठी वर काढली. काठीच्या टोकाला चिंधीने शेळीचा वाळका खूर बांधलेला. “हे बगा तुमचं डुक्कर.”

मी खुरावरून बोट फिरवलं.

“पिराच्या कंदुरीला कापलेल्या बोकडाचा पाय हाय. बाबूच्या शेळ्या रोज वाढं तोडून न्यायच्या. भांडून काय उपेग? म्हनलं, डुक्कर सोडावं.”

“आन मागचे ठिपके?”

“बोटानं.” ती जराशी लाजली. “तुमीच सांगितलं व्हतं न्हवं, जेवताना.”

“मला सांगायचं तरी!”

“तुमाला सांगितलं आसतं, तर तुमी गावाला पटवून सांगितलं आसतं का? खरं वाटल्याबिगर तुमाला रंगवून सांगता येत न्हाई.”

हे मात्र अगदी खरं होतं. मग तिचा आवाज बदलला. “आता आवो, भाईर दावू का नगं ते तुमीच सांगा. दावलं तर तुमची इज्जत जाती. न्हाई दावलं तर ऊस जातो.”

उसाच्या फटीतून बाहेरचं दिसत होतं. चिटबॉयचा एक पाय पायडलवर होता. मी तिच्या हातातली काठी घेतली, बाहेर आलो आणि सगळ्या गावासमोर उंच धरली.

“हे डुक्कर. आमच्या मंडळींनी पाळलं व्हतं.”

आधी कुणालाच कळलं नाही. मग तुळशीरामने खूर मातीत दाबून बघितला, मागे बोटाने दोन ठिपके दिले, आणि मटकन खाली बसून हसायला लागला. मग टोळी हसली, ओटा हसला. चिटबॉय हसता हसता सायकलीवरून उतरला, तो एक फायदा झाला. बाबू तेवढा हसला नाही. तो शेळ्यांचा हिशेब मनात लावत असावा! आणि सपासप कोयते सुरू झाले.

मला तिथे थांबवेना. मी बंदूक उचलली आणि फडाला वळसा घालून पलीकडे ओढ्याच्या बांधावर जाऊन बसलो, जिथे हसणं कमी ऐकू येत होतं. निम्मा ऊस पडला होता, निम्मा उभा होता.

आणि माझ्यासमोर ऊस बाजूला सरून डुक्कर बाहेर आलं.

खरं! काळंभोर, पाठीवर राठ केस, सुळ्यांना चिखल. कमरेएवढं नव्हतं, पण मांडीएवढं नक्की. ते थांबलं. मीही थांबलो. बंदूक ठासलेली, केप बसवलेली, जनावर आडवं उभं, अंतर एवढं की मलासुद्धा चुकवता आलं नसतं! वडिलांना असं डुक्कर मिळालं असतं तर त्यांनी देवाला नारळ फोडला असता. आणि माझ्या मागे उभ्या उसात कोयते चालले होते. एक बार निघाला असता, नुसती हाक निघाली असती, तरी टोळीने झोळ्या सोडल्या असत्या आणि राहिलेला ऊस तिथेच वाळला असता. मी हाताने ओढ्याकडे खूण केली.

“जा की बाबा,” मी कुजबुजलो.

त्यानेही समजूतदारपणा दाखवला. कोरड्या ओढ्यातून खडखडत डोंगराकडे निघून गेलं. हे आत होतं कधीपासून? कौसल्या काठी घेऊन ठसे उमटवत होती, तेव्हा ते शेजारच्या सरीत बसून बघत होतं की काय? मला त्याच्यामागे जाऊन बघावंसं फार वाटलं. पण आत दुसरं निघालं तर, म्हणून मी शेवटचा ऊस पडेपर्यंत बंदूक मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिलो. गावाला वाटलं, रुसलाय.

मध्येच तुळशीराम वाकून बघायला आला. “मालक, हिकडं कायतरी खडखडलं. खरंच काय न्हाई ना आत?”

“काय न्हाई, तुळशीराम. मीच दगडं फेकत बसलोय.”

“बरं बरं,” म्हणून तो कोयता परजत माघारी गेला.

दिवेलागणीला ट्रक भरून निघाला. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली, आणि कौसल्या रस्त्याच्या मधोमध उभी राहून धूळ खाली बसेपर्यंत बघत होती. मी तिच्या शेजारी उभा होतो, तोंड गच्च मिटून. आयुष्यभर शिकारीबद्दल मी जेवढं बोललो, त्यातलं लोकांना शपथेशिवाय पटलेलं ‘काय न्हाई’ हे एकच वाक्य. आणि नेमकं तेच धडधडीत खोटं होतं!