चेटकिणीचा आवाज

जपानी कार्टून सिनेमातल्या चेटकिणीला आपल्या भाषेतला आवाज डबिंगवाल्या मावशींनी दिला होता. ‘सिनेमा पोरकट आणि चेटकिणीचा आवाज फाटका,’ असं एका समीक्षकाने पेपरात छापलं, आणि मावशींची कामं तुटली. त्यांनी डूख धरला.

पुढे तोच समीक्षक लेकीला घेऊन स्टुडिओत आला. मेला आपलं लिहिणं साफ विसरला होता. पोरगी चेटकिणीवर जीव टाकायची, तिला तो आवाज समोर ऐकायचा होता.

मावशींनी त्याला हसून खुर्ची दिली, पोरीला जवळ घेतलं आणि चेटकिणीच्या आवाजात म्हणाल्या, “बाळा, माझा आवाज फाटका आणि सिनेमा पोरकट, असं कोण म्हणालं, ठाऊक आहे?”

पोरीने नकारार्थी मान हलवली. मावशींनी खुर्चीकडे बोट दाखवलं.

परत जाताना पोरगी बापाचा हात धरेना.