विरुद्ध बाजूचे मास्तर

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या वर्षांत मी परळच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. राहायला लालबागला, गावकीच्या खोलीत. आमच्या कोकणातल्या गावचे पंधरा-वीस गिरणी कामगार त्या एका खोलीत पाळ्यांप्रमाणे झोपत. त्यांच्यात शिकलेला मी एकटा. सगळे मला मास्तर म्हणत. कुणाच्या पोराचं नाव शाळेत घालायचं असो की गावी पत्र लिहायचं असो, हाक मलाच.

शाळेत दरवर्षी वादसभा व्हायची, दुसऱ्या एका शाळेशी. मुलांची तयारी माझ्याकडे असे. त्या वर्षी मुख्याध्यापकांनी विषय ठरवला, ‘मुंबईचे स्वतंत्र राज्य असावे’. मी जरा दचकलो. गोळीबार होऊन गेलेले होते. वर्गातल्या मुलांपैकी कुणाचा काका तुरुंगात जाऊन आला होता, कुणाच्या चाळीत पोलीस शिरले होते. मुख्याध्यापक म्हणाले, “अहो, रस्त्यावर सगळे याच विषयावर बोलताहेत. शाळेत नीट बोलायला शिकू देत की.”

मी मॅट्रिकच्या वर्गात विषय फळ्यावर लिहिला आणि विचारलं, “प्रतिकूल बाजू कोण मांडणार?” सगळा वर्ग उभा राहिला. “आणि अनुकूल?” सगळा वर्ग खाली बसला. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “सर, ती बाजू नाहीच आहे!”

मग ती बाजू मीच घेतली. दुसरा उपायच नव्हता. समोर कुणी नसेल तर मुलं नुसत्या घोषणा देणार, आणि सभेत पहिल्याच अडचणीच्या प्रश्नाला गप्प होणार. मी दादरच्या वाचनालयात बसून इंग्रजी वर्तमानपत्रं वाचली, विरोधकांची भाषणं वाचली. आधी राग यायचा. मग हळूहळू त्यांचं म्हणणं कसं उभं राहतं ते दिसायला लागलं. शनिवारी मी वर्गात त्यांच्या बाजूनं बोललो. हे शहर सगळ्या भाषांच्या माणसांनी वसवलं, बंदर सगळ्या देशाचं आहे, गिरण्यांत पैसा कुणाचा आहे ते बघा. बोललो ते मन लावून. मुलांनी आरडाओरडा केला, पण उत्तर एकालाही देता आलं नाही. एक मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, “सर, तुम्ही असं का बोलता?”

“तुला उत्तर सापडावं म्हणून,” मी म्हटलं. त्याला ते पटलं नाही.

मुलं आसपासच्या चाळींतलीच; घरी जाऊन त्यांनी काय सांगितलं असेल ते मला खानावळीत कळलं. आम्ही खोलीतले सगळे एकाच बाईंकडे जेवायचो. भात आणि सुकटाचं कालवण, आणि ओळीनं मांडलेले पाट. त्या दिवशी मी बसलो आणि माझ्या दोन्ही बाजूंचे पाट रिकामे राहिले. मागून आलेली माणसं पलीकडच्या ओळीत दाटीवाटीनं बसली. कुणी वाईट बोललं नाही. मीठ मागितलं तर मीठ पुढे आलं. एवढंच, की बोलणं माझ्यापर्यंत येऊन थांबायचं आणि माझ्या पलीकडे पुन्हा सुरू व्हायचं.

चार दिवसांनी खोलीतल्या वडीलधाऱ्यांनी मला समोर बसवलं. त्यांच्यातले सगळ्यात मोठे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचे. गावच्या नात्यानं ते माझे काका लागत. त्यांनी सरळ विचारलं, “मास्तर, मुंबय कोणाची?”

“आपली. महाराष्ट्राची.”

“मगे पोरांका उलटा कित्याक शिकवतास?”

मी सगळं समजावून सांगितलं. सराव म्हणजे काय, विरुद्ध बाजू कुणीतरी घ्यावीच लागते, नाटकात राक्षसाचं काम करणारा राक्षस नसतो. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ह्या समाजला. पण खोटाच बोलूचा होता, तर इतक्या बरा कित्याक बोललास?”

बैठक उठली, आणि प्रत्येकजण आपापल्या वळकटीकडे गेला. त्या आठवड्यात गावी पत्र लिहून द्या म्हणून कुणी आलं नाही.

शनिवार मात्र मी सोडले नाहीत. तिसऱ्या शनिवारी एक मुलगा उभा राहिला. एरवी वर्गात तोंड न उघडणारा, काळाचौकीहून येणारा. त्याच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. तो म्हणाला, “सर, तुमचं एक म्हणणं मला मान्य आहे.”

वर्गात गलका झाला. “फितूर! बस खाली!” मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“पैसा बाहेरून आला, मान्य,” तो पुढे म्हणाला. “आमच्या चाळीत एक भाडेकरू आहे. त्यानं स्वतःच्या खर्चानं लाद्या बसवल्या, रंग दिला. खोली त्यानं चांगली केली हे सगळे मानतात. तो सुखानं राहू दे, त्याला कुणी जा म्हणत नाही. पण म्हणून त्याला खोली चाळीतून उचलून वेगळी ठेवता येईल का?”

इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच कुणीतरी उत्तर दिलं होतं, आणि ते उत्तर द्यायच्या आधी माझं ऐकलं होतं. मला त्याला जवळ बोलावून पुष्कळ काही सांगावंसं वाटलं. पण बाकीच्या मुलांच्या कानांत फक्त ‘मान्य’ एवढाच शब्द राहिला होता. मधल्या सुट्टीत तो नळापाशी एकटाच उभा दिसला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याचे वडील शाळेत येऊन भेटले. अतिशय अदबीनं बोलले. “सर, तुमचा हेतू चांगला आहे, मला कळतं. पण आम्हाला त्याच चाळीत राहायचंय. नव्यानं काही ऐकून घ्यायची ताकद आता नाही. वादसभेतून त्याचं नाव काढा.” मी नाव काढलं.

सभेच्या दिवशी दुसऱ्या शाळेकडून निरोप आला, की त्यांच्याकडेही अनुकूल बाजूला कुणी तयार झालं नाही. दोन्ही शाळांची मुलं एकामागून एक उठून एकच बाजू बोलली. टाळ्या खूप पडल्या. परीक्षकांना क्रमांक लावता येईनात, म्हणून बक्षीस दोन्ही शाळांत वाटून दिलं.

नंतर एका संध्याकाळी लालबागला मोर्चा निघाला. खोलीतले सगळे खाली उतरत होते. काका दारात थांबले. “चला मास्तर, बघतास काय?” त्यांनी माझा हात धरून मला बाहेर ओढलं. मला इतकं बरं वाटलं, की चपला घालायचंही भान राहिलं नाही. मी त्यांच्याबरोबर चाललो, घसा बसेपर्यंत ओरडलो. जे ओरडत होतो ते मला अगदी मनापासून हवं होतं. पण प्रत्येक घोषणेनंतर आपोआप माझ्या डोक्यात समोरच्याचं वाक्य उमटायचं, मग त्यावरचं उत्तर, आणि तेवढ्यात पुढची घोषणा यायची. माझा आवाज सगळ्यांच्या मागे अर्धा शब्द पडत होता. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. खानावळीत त्या रात्री माझ्या दोन्ही बाजूंचे पाट भरलेले होते. काका हसतखेळत जेवत होते, मीही हसत होतो. आता मला काही सांगायचं असतं तर ऐकायला माणसं होती, आणि जे सांगायचं होतं ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

तो मुलगा मॅट्रिक होऊन गेला. जाताना पाया पडला. “पुढे काय?” मी विचारलं. “रे रोडला वखारीत लागतोय सर.”

पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनी विषय दिला, ‘शहरापेक्षा खेडे बरे’. मी तो फळ्यावर लिहिला. पाच मिनिटांत अर्धा वर्ग इकडे झाला, अर्धा तिकडे.