नीलाक्काची कल्हई

घाटनांदुरात नीलाबाई कोण म्हणून विचारलं तर लोक क्षणभर थांबत. नीलाक्का म्हटलं की लगेच दार दाखवत. तोंडाने फटकळ, हाताने सढळ, आणि दोन्हींचा तिला सारखाच गर्व. नवरा रेवणसिद्धअप्पा किराणा दुकानात एकदा गादीवर बसले की दिवेलागणीलाच उठायचे. नीलाक्काला बसून राहणं म्हणजे दुखणं वाटे. म्हणून दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत तिने काम आणलं आणि गल्लीतल्या बायका कामाला बसवल्या.

काम ट्यूबलाइटच्या चोकचं. अप्पांचा पुतण्या रवि लातूरला एका कारखान्यात सुपरवायझर होता. खेड्यातल्या बायका स्वस्तात राबतात, हा शोध त्या काळात सगळ्याच कारखानदारांना लागत होता. टेंपोतून सर्किटच्या हिरव्या पट्ट्या आणि सुटे भाग यायचे. पट्टीच्या भोकांत भाग बसवायचे, मागून तापलेल्या गनने सोल्डरची तार वितळवून डाग द्यायचे, की तयार माल परत टेंपोत. एका हातात गन, दुसऱ्या हाताने पट्टी दाबलेली. मग तार धरायची कुठे? दातांत. ही युक्ती कामावरच्या भिवराबाईची. मान जरा पुढे केली की तारेचं टोक बरोबर डागावर. तिचं पाहून सगळ्यांनीच ती उचलली आणि काम झरझर सुटू लागलं. रवि एकदा बघून हसला होता. काकू, तुमच्या बायकांना तिसरा हात फुटला की, म्हणाला आणि गेला.

भिवराबाई पूर्वी दिवाळी झाली की ऊस तोडायला जायची. लेक सुनिता उसाच्या फडातच रांगायला शिकली. चोकचं काम आलं आणि मायलेकींचं जाणं थांबलं. सुनिता लग्नाआधी याच खोलीत बसायची, आणि आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तरी घरात पाय ठरत नव्हता म्हणून येऊन बसायची. पोट पुढे आलेलं, म्हणून टेबलापासून जरा लांब, तार दातांत.

आता कल्हईचं. काम करताना सोल्डरचे थेंब फरशीवर पडत, तारेचे तुकडे उरत. रवि म्हणाला होता, ठेवा तुम्हालाच, कारखाना काय त्याचं लोणचं घालतो? नीलाक्काला टाकणं ठाऊक नव्हतं. सगळं झाडून घ्यायची, लोखंडी पळीत वितळवायची आणि चांदीसारख्या वड्या पाडायची. तार कथलाची असते असं पहिल्याच दिवशी शिकवायला आलेल्या पोराने सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. कथील त्यात होतंच. उरलेलं काय होतं ते कोणी विचारलं नाही, म्हणून कोणी सांगितलं नाही.

कथलाचे भाव तेव्हा चढले होते, म्हणून निम्म्या बायकांनी पितळी पातेली माळ्यावर टाकली होती. दिवाळीआधी अजीमभाई कल्हईवाला गल्लीत भाता मांडून बसला, तेव्हा नीलाक्काने वड्या काढल्या आणि जाहीर केलं की यंदा कामावरच्या सगळ्या बायकांची कल्हई तिच्याकडून. अजीमभाईने वडी नखाने खरवडून पाहिली. नरम है अक्का, कथील ऐसा नै रहता, असं काहीसं पुटपुटला. तिने त्याला गप्प केलं. तुला तुझी मजुरी मिळती न्हवं, मग कथलाची काळजी तू कशाला करतो? नवसागराचा धूर उठला, पातेली आरशासारखी उजळली. माळ्यावरची पातेली चुलीवर आली. त्यांत चिंचेची आमटी शिजू लागली, ताक राहू लागलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही. बायका कौतुक करत आणि नीलाक्का ते आवडीने ऐकून घेई.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात रवि आला तो नव्या तारेची रिळं, नव्या गन आणि हिरवा कागद चिकटवलेलं एक वेगळं टेबल घेऊन. कारखान्याचा काही माल आता युरोपात जाणार होता. तिकडे जुलैपासून नवा कायदा लागू होत होता: विजेच्या वस्तूंत शिसं नको, आणखी चारपाच विषारी जिनसा नकोत. म्हणून बाहेरचा माल हिरव्या टेबलावर, नव्या तारेने. इथल्या बाजाराचा माल जुन्या टेबलावर, जुन्या तारेने. जुन्या तारेचा एक थेंब जरी बाहेरच्या पट्टीवर सापडला तर सगळा लॉट परत येईल, हे त्याने इतक्या वेळा सांगितलं की सुनिता म्हणाली, सोवळं नवंच दिसतं हे.

नवी तार बायकांना आवडली नाही. गन जास्त तापवावी लागे, आणि डाग जुन्यासारखा चमकत नसे, राखेसारखा फिका दिसे. नीलाक्काने विचारलं, चांगल्या चमकत्या तारेचा त्या लोकांना कावून राग?

"त्यात शिसं हाय, काकू. वस्तू फेकून दिली की शिसं मातीत उतरतं, पाण्यात जातं. लेकरांच्या अंगात गेलं तर डोकं वाढत न्हाई त्यांचं. पोटातल्या बाळालासुदिक लागतं."

"मग आपल्या मालात कसं चालतं?"

"आपल्याकडं तसा कायदा न्हाई." रवि घड्याळ बघत होता. "आन घाबरता काय एवढं? खायची वस्तू थोडीच हाय ती?"

नीलाक्काने खोलीभर नजर फिरवली. सुनिता दातांतली तार ओठांनी पुढे सरकवत होती.

घरात जाऊन तिने आपलं आमटीचं पातेलं उचललं. तळाला कल्हई उडून पितळ दिसत होतं. उडालेली कल्हई गेली कुठे, हे कळायला कॉलेजात जावं लागत नाही. भिवराबाईचं पातेलंही याच वड्यांचं, आणि सुनिता रोज त्यातलंच जेवत होती.

संध्याकाळी तिने अप्पांना सांगितलं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या स्वभावाला धरून असलेलं उत्तर दिलं: गप्प राहायचं. हळूच पातेली मागून घ्यायची, नवी कल्हई करून देतो म्हणायचं. खरं सांगितलंस तर गाव म्हणेल, लिंगायताच्या बाईनं फुकटचं म्हणून इख चारलं. दुकानात कोण पाऊल ठेवील? आणि झालं गेलं परत येणार आहे का?

वाईट सल्ला नेहमी असाच शहाणा दिसतो. नीलाक्काला तो एक दिवस पटलासुद्धा. त्या दिवशी तिने सुनिताला उगाच दोनदा हटकलं, तार तोंडात घालू नको म्हणून. सुनिता हसली. मग काय कानात घालू, म्हणाली, आणि तार पुन्हा दातांत. पोरीचं चुकलं नव्हतं. कारण माहीत नसलं की सूचना म्हणजे कटकटच.

दुसऱ्या दिवशी नीलाक्काने गनांचं बटण बंद केलं आणि दारात उभं राहून सगळं सांगितलं. जुन्या तारेत काय आहे, वड्या कशाच्या होत्या, पातेल्यांत काय शिजलं. मला ठाऊक नव्हतं, हेही म्हणाली. पण शेवटी, आणि एकदाच. अजीमभाई नरम म्हणाला होता ते मात्र लपवलं नाही.

एकीने विचारलं, म्हणून का माझं पोट वर्षभर दुखतंय? दुसरीने देवाचं नाव घेतलं. तिसरी म्हणाली, आपलं मेलं कधी कोणी विचारतं का, ते गोऱ्यांनी विचारलं म्हणून कळलं. भिवराबाई मात्र लेकीकडे बघत राहिली. मग उठली, लेकीच्या हातातली तार घेतली आणि टेबलावर ठेवली.

"सांगितलं ते बरं केलं, नीलाक्का. पर मला एक सांगा. अजीमभाई बोलला, तवाच त्याला कावून विचारलं न्हाई?"

फुकट वाटण्याची हौस होती, हे उत्तर नीलाक्काने कोणाला द्यायचं?

सुनिताला घेऊन त्या दोघी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. तरुण डॉक्टरीणबाई चांगली होती. तिने सगळं ऐकलं, सुनिताची नखं, डोळे, हिरड्या पाहिल्या. रक्त कमी आहे, म्हणाली. पण ते शिशाने की आपल्याकडच्या सगळ्याच पोरींचं असतं तसं, हे ओळखायची तपासणी इथे होत नाही. रक्त मुंबईला पाठवावं लागेल, आणि आमच्याकडून ते जात नाही. लोहाच्या गोळ्या द्या, दूध द्या, ती भांडी मोडीत घाला. नीलाक्काने विचारलं, अंगातून निघतं का ते? थोडं निघतं, ती म्हणाली, थोडं हाडांत बसतं. बाळाचं आत्ताच काही सांगता येणार नाही.

पातेली मोडीत गेली. अप्पांच्या दुकानात महिनाभर माणसं कमी आली, मग साखर संपली तशी येऊ लागली. रवि पुढच्या फेरीला आला तेव्हा नीलाक्काने सांगितलं की दोन्ही टेबलांना नवी तार दे, न्हाईतर इथला माल आणू नको. तो चिडला नाही. नवी तार महाग पडते, म्हणाला, आणि कायदा नसताना मालक कशाला देतील? इथला माल दुसऱ्या गावात देऊ.

"कोणत्या गावात?"

"ते आता तुम्हाला कशाला, काकू?"

नीलाक्का टेंपोपाशी गेली, ड्रायव्हरला बाजूला सरक म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसली. तिथल्या बायकांना दोन शब्द सांगून येते, म्हणाली, मग ने माल तुला न्यायचा तिकडं. रवि तासभर विनवत होता. शेवटी त्याने गावाचं नाव सांगितलं. तिथे जाऊन ती सांगून आली. बायकांनी चहा दिला, ऐकून घेतलं, आणि तिच्यासमोरच पुन्हा कामाला लागल्या. एकीने मात्र तार दातांतून काढून चिमट्यात धरली. तेवढंच.

सुनिताला श्रावणात मुलगी झाली. वजन कमी भरलं, पण रडली जोरात. सुनिता सासरी गेली नाही. मुलगी जरा अंग धरू दे, म्हणून भिवराबाईने ठेवून घेतली. स्वतः भिवराबाई हिरव्या टेबलावर बसते, पट्टी लाकडी शिकंज्यात अडकवून, तार हातात धरून. काम निम्मंच होतं. ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की तिच्या अंगणात मुकादम डोकावून जातो, आणि ती अजून तरी नाही म्हणते.

नीलाक्का रोज दुपारी तिच्याकडे जाते. पोरगी मान धरायला जरा उशिरा लागली. गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, मुलींचं तसंच असतं. नीलाक्का तिच्यासमोर खुळखुळा धरते, डावीकडून उजवीकडे नेते, आणि पोरीची नजर मागोमाग येते का ते बघते. कधी येते, कधी मध्येच छताच्या पत्र्याकडे जाऊन थांबते. भिवराबाई चुलीपाशी बसून तेच बघत असते. नीलाक्का खुळखुळा पुन्हा डावीकडे आणते.