धूपगडाची पावती आणि मावाबाटी

दिनांक ११ ऑक्टोबर, शनिवार. अवधपुरीतून निघताना खिशात साडेनऊ हजार रुपये होते आणि हजर तिघे: मी, सौ. कल्पना आणि माझे वडील अण्णा, वय एक्याऐंशी.

सहल अण्णांसाठी होती. बत्तीस वर्षांपूर्वी ते कारखान्याच्या सहलीबरोबर पचमढीला गेले होते. सगळे धूपगडावर सूर्यास्त बघायला चढले आणि भांडारपाल अण्णा बसमध्ये ताटल्या मोजत बसले. तीन कमी भरल्या. सूर्यास्त राहिला तो राहिलाच.

पिपरियापर्यंत आगगाडी, पुढे जीप. पचमढी ही इंग्रजांनी सातपुड्यात वसवलेली छावणी. उतरत्या छपरांचे बंगले, रुंद सावलीचे रस्ते आणि गावाच्या चारी बाजूंना दऱ्या. रविवारी सकाळी जिप्सी ठरवली, धूपगडासाठी वनखात्याची पावती घेतली आणि बी फॉलला गेलो. अण्णा गाडीतच बसले. धबधब्याकडे उतरताना मी तीनशे बारा पायऱ्या मोजल्या, चढताना तीनशे चौदा. पुन्हा उतरून बघायला कल्पनाने साफ नकार दिला.

दुपारी लाल विटांच्या चर्चपाशी थांबलो. आम्ही रंगीत काचा बघून बाहेर आलो, तर बाकावर अण्णा होते, शेजारी मंडीदीपचे एक गृहस्थ आणि त्यांची दोन मुले होती, पण आमचा डबा नव्हता. मुले भुकेली दिसली म्हणून अण्णांनी दशम्यांचा डबा त्यांच्यापुढे ठेवला होता. दशम्या संपल्या. गृहस्थांची बायको मूळची ग्वाल्हेरची मराठी. "खाली (रिकामा) डबा कसा देणार, काका? चांगलं नाही वाटत," असे म्हणून ती तो घेऊन बाजारात गेली होती.

धूपगडाची पावती त्या डब्याच्या तळाशी, कागदाखाली होती. नाक्यावर पाचनंतर गाडी सोडत नाहीत, असे जिप्सीवाल्याने सकाळीच बजावले होते. सव्वाचार झाले होते.

"पावती डब्यात कोण ठेवतं?" कल्पनाने हळूच विचारले.

"डबा कोणी विसरत नाही, म्हणून."

मी बाजाराकडे धावणार, तेवढ्यात तिने माझा सदरा धरला. रिकामा डबा मागायला गेलो, तर दशम्या परत मागितल्यासारखे दिसले असते. मलाही ते पटले, आणि आम्ही हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिलो. अण्णा सूर्याकडे बघत होते. त्यांना काही सांगायचा धीर मला झाला नाही.

चार पस्तीसला बाई आल्या. डब्यात बारा मावाबाट्या (पाकात बुडवलेले खव्याचे मोठे गोळे), काठोकाठ पाकात. उशीर का, तर पहिल्या दुकानात ताज्या नव्हत्या. आभार मानून आम्ही जिप्सीत बसलो. वळणावळणावर पाक सांडत मी तळातून पावती उपसली. नाक्यावर पोचलो तेव्हा पाचला चार मिनिटे होती. शिपायाने पावती उलगडली, नंतर वहीचे पान उलटायला सवयीने बोट जिभेला लावले आणि थबकला.

"मीठा है," तो म्हणाला. आकडे मात्र वाचता येत होते. त्याने आम्हाला सोडले.

धूपगडावर मी खाली मान घालून रुमालाने पावती पुसत होतो, कारण उतरताना ती जमा करायची होती. अण्णांनी माझी हनुवटी धरून वर केली.

"ते नंतर पूस. मीही ताटल्याच मोजत बसलो होतो."

समोर डोंगरांच्या रांगांमागे रांगा निळ्या होत गेल्या होत्या आणि सूर्य शेवटच्या रांगेला टेकला होता. तो पूर्ण बुडेपर्यंत अण्णांनी हात काढला नाही.

सोमवारी घरी येऊन टिपणे नीट लिहून काढली. एकच जागा कोरी राहिली: सूर्य नेमका किती वाजता बुडाला. त्या वेळी मी घड्याळ बघितले नव्हते आणि ती जागा मी तशीच ठेवणार आहे. बाकी सगळे तिथेच चुकते केले होते: जिप्सीवाल्याला ठरलेले दोन हजार, आणि त्याच्या मागच्या गादीला मुंग्या लागल्या म्हणून वर शंभर.