राक्षसाले माईक दिला

बदला घ्याचा असन तं कादंबरी लिवा. समोरचा मानूस स्वतः येऊन तिचं प्रकाशन करते.

अमरावतीले कॉलेजात होती तवा मी एका कथास्पर्धेत जादूची गोष्ट दिली. आमी शेंदूरजनाघाटचे, संत्रावाले, पण माह्या डोक्यात बसला होता बैलबाजार. लहानपणी बाबासोबत जायची. तिथं दलाल रुमालाखाली एकमेकाची बोटं धरून भाव ठरवतात. तोंडातून शब्द नाही, बाजूच्याले काही समजत नाही. माह्या गोष्टीतले जादूगार असेच रुमालाखाली सौदे करत: सावली दे, आवाज घे.

परीक्षक होते शहरातले मोठे लेखक. बक्षिसं वाटून झाल्यावर त्याइनं माही गोष्ट हातात घेतली अन् माईकवर म्हणाले, "बालमित्रांनो, एका मुलीनं जादूला बैलबाजारात उभं केलंय. उद्या हिची चेटकीण बैलांना सरकीची ढेप विकेल!"

सगळा हॉल हसला. माह्या बाजूला बसलेल्या मैत्रिणीबी हसल्या. नंतर मी विचारायले गेली, "सर, काय चुकलं?"

"चुकलं काही नाही गं. बर्फ टाक, किल्ला टाक. हे असलं कोण वाचणार?"

मी होस्टेलवर आली अन् त्याच हप्त्यात कादंबरी सुरू केली. मोबाईलवर, दोन अंगठ्यांनी, मेसमध्ये वरण थंडं होऊन राहिलं तरी. सगळ्यात आधी राक्षस तयार झाला. तो अमरावतीच्या मे महिन्यात स्वेटर घालते, बोलायच्या आधी खाकरते, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते, पोरायले बालमित्र म्हणते अन् त्याइचा आवाज चोरून नेते. नाव तेवढं बदललं.

पुण्याच्या प्रकाशकानं पुस्तक काढलं. चाललं! मग दुसरं आलं. दहावी-बारावीच्या पोट्ट्या मले मेसेज करून राहिल्या होत्या, "ताई, तो स्वेटरवाला मरते कधी?"

तिसऱ्याचं प्रकाशन अकोल्याले ठरलं. आयोजक काकांनी फोनवर पाहुण्याचं नाव सांगितलं अन् मी खाटेवर उडीच मारली.

"चालतील ना तुले?"

"काका, धावतील!"

आपल्याकडे पाहुणा पुस्तक वाचून येत नाही. माही सगळी भिस्त त्याच्यावरच. सर आले, स्वेटर नव्हता, बाकी सगळं होतं. पुस्तकावरचा चकचकीत कागद फाडला अन् नव्या पिढीच्या प्रतिभेवर भरपूर बोलले. मी उठून पान उघडून दिलं. "सर, एवढं वाचा ना. तुमच्या आवाजात."

सर खाकरले. मग वाचलं, "राक्षस खाकरला."

पोरं हसले. सरांना वाटलं आपलं वाचन रंगून राहिलं. त्याइनं आवाज चढवला, हातवारे सुरू केले. "त्यानं चष्मा शोधला. चष्मा डोक्यावरच होता." चष्मा नाकावर असूनबी सरांचा हात डोक्यावर गेला.

पहिल्या रांगेत एक बाई अशी हसली का खुर्ची वाजली. सरांच्या मिसेस. "अहो, हे तं तुमीच!"

हॉल फुटला. सर थांबले. पानाकडे पाहलं, माह्याकडे पाहलं. "माझ्यावर आहे हे?" माईक चालूच होता.

"हो सर. पहिल्या भागापासून."

लई मस्त वाटलं, आता लिवतानाबी वाटून राहिलं.

सरांनी उरलेलं पान वाचलं नाही. चहालेबी थांबले नाही, सरळ गाडीत जाऊन बसले. त्याइच्या मिसेस, काकू, मात्र सहीच्या रांगेत पोट्ट्यांच्या मागं उभ्या, तिन्ही भाग हातात.

"काकू, राग नाही आला?"

"राग कायचा? लगन झाल्यापासून माह्या भाजीच्या चुका काढून राहिला तो मानूस." काकूंनी पुस्तकं पुढं सरकवली. "एक आयकशील? चौथ्या भागात त्याले मारू नको. मेला का सुटला."

मी मारणारच होती. प्रसंग लिवूनबी झाला होता, आगीचा, चांगला लांबलचक. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. काकूंनी तिकडं पाहलंबी नाही, तिसरं पुस्तक सहीले उघडलं.

परतताना बडनेऱ्याच्या आधीच मी तो प्रसंग डिलीट केला. आता त्याले लई जगवणार.